दोनदा विणलेली बाज

"पावणं, बाळंतपण आमच्याकडंच होऊ द्या. तुमच्या घरात बाईमाणूस कुठंय?"

विहीणबाई हे माझ्या तोंडावर बोलल्या. घोडेगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून त्यांची वस्ती. मी त्यांच्या ओसरीवर चहाची बशी धरून बसलो होतो. लेकीला सातवा लागला होता आणि मी तिला माहेरी न्यायला आलो होतो. तिची आई तिच्या लग्नाच्या आदल्याच वर्षी काविळीनं गेली. लेक एकुलती एक.

मी बशी खाली ठेवली. "पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय. आई नसंल, बाप हाय ना अजून."

"बापाचं काम हाय का ते?" विहीणबाई म्हणाल्या आणि हसल्या. वाईट हसल्या नाहीत. पण ते हसू मला घोडेगावपासून घरापर्यंत पुरलं.

लेक आतून पिशवी घेऊन आली. पिशवी आधीच भरलेली होती. ती काही बोलली नाही, आणि मी त्याचा अर्थ माझ्या बाजूनं लावला.

एस्टीत तिला खिडकीशी बसवलं. मंचरच्या पुढं रस्त्याला खड्डे. मी उठून ड्रायव्हरकडं गेलो, म्हटलं, "जरा दमानं घ्या राव, पोरगी पोटुशी हाय." तो म्हणाला, "बाबा, खड्डे मी घरून आणल्यात का?" सगळी गाडी हसली. लेकसुद्धा हसली. पुढं कितीतरी दिवस मला तिचं तेवढंच हसू आठवायला होतं.

माझं घर पिंपळवंडीच्या बाहेर, कालव्याच्या वरच्या अंगाला. दोन खोल्या, पुढं ओटा आणि त्यावर पत्र्याची पडवी, बाजूला म्हशीचा गोठा, आणि तिन्ही अंगांनी ऊस. मी चौथीपर्यंत शिकलो, पण घर माझ्या हातानं बांधलंय. स्वयंपाकही शिकलो होतो. माझ्या भाकरीला पापुद्रा येत नाही, पण ती भाकरी असते. लेकीला चुलीपुढं बसू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती म्हणायची, "आबा, मी थापते." मी म्हणायचो, "बस तू." मग ती बसायची. बसून काय करणार? दारात बसायची, रस्त्याकडं तोंड करून. जावई भाजीच्या टेम्पोवर ड्रायव्हर. वाशीच्या खेपा सुरू झाल्या की त्यांचं येणं महिन्यातून एखाद्या वेळी.

आम्ही दोघं एका घरात होतो आणि बोलायला काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते बाप-लेकीत बोलायचं नसतं. मी विचारायचो, "बरं वाटतंय ना?" ती म्हणायची, "व्हय." "काय खावंसं वाटतंय?" "काय नाय." झालं. मग मी रानात जायचो, टोमॅटोच्या सरीत उगाच वाकून बघायचो, आणि दुपारी परत तेच विचारायचो.

एक दिवस रानातून लवकर आलो. गोठ्यातून बोलण्याचा आवाज येत होता. मला वाटलं कुणी बाई आलीय, म्हणून बरं वाटलं. मागच्या बाजूनं बघतो तर लेक म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी. म्हशीला सांगत होती, "पायात गोळे येत्यात गं रात्रीचे. तुला येत्यात का? आणि करवंदाचं लोणचं खावंसं वाटतंय, आईच्या हातचं. आता ते कुठनं आणू?" म्हैस रवंथ करत होती.

मी चोरासारखा मागं फिरलो. दुसऱ्या दिवशी जुन्नरला जाऊन, बाजार पालथा घालून करवंदाच्या लोणच्याची बरणी आणली आणि न बोलता तिच्या ताटापुढं ठेवली. तिनं बरणीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग गोठ्याकडं. लोणचं खाल्लं तिनं. पण त्या दिवसापासून ती म्हशीशी हळू बोलायला लागली.

उपकेंद्रातल्या सिस्टर वस्तीवर यायच्या. त्यांनी वजन घेतलं, गोळ्या दिल्या आणि मला विचारलं, "दिवस भरत आले की हिच्याजवळ बाई कोण राहणार?"

"मी हाय."

"तुम्ही बाई आहात का बाबा?"

मी म्हटलं, "अडचण आली तर जीप सांगून ठेवलीय." सिस्टरनी लेकीकडं बघितलं. लेक जमिनीकडं बघत होती. बाईमाणूस, बाईमाणूस. जो येईल तो हेच विचारायचा. जणू मी त्या घरात नव्हतोच.

तेव्हा मी ठरवलं, बाज विणायची.

बाळंतिणीला आमच्याकडं बाजेवर निजवतात. खाली शेगडीत निखारे ठेवायचे, वर ओवा-शेपा टाकायचा, आणि विणीच्या भोकांतून शेक कंबरेला लागू द्यायचा. म्हणून ती दोरीचीच लागते, फळ्यांची पलंगडी चालत नाही. लेक झाली तेव्हा तिची आई ज्या बाजेवर निजली ती बाज पडवीत उलटी टांगून ठेवलेली होती. बाभळीचे खूर, म्हणजे बाजेचे पाय, शाबूत होते, दोरी कुजली होती. मी ती उतरवली, जुनी दोरी कापून काढली, नारायणगावच्या बाजारातून काथ्या आणला आणि ओट्यावर बसलो.

बाज विणणं दोघांचं काम आहे. एकानं दोरी घालायची, दुसऱ्यानं समोरून धरून ताण द्यायचा. आमच्या घरात समोर तिची आई बसायची. "ओढा," म्हणायची. "आता सोडा. अवो, सोडा म्हनलं ना!" एवढंच बोलणं, पण वीण सरळ यायची. लेकीला वाकता येत नव्हतं. म्हणून मी दोरी पायाच्या अंगठ्यात धरून ताणत होतो. अंगठा सोलला. चार दिवसांचं काम, लांबत गेलं. पण झाली. जरा तिरकी झाली, पायगतीकडं ओढ खात होती. तरी झाली. मनात म्हटलं, येऊ द्या आता कुणाला यायचंय त्याला. बाज कुणी विणली विचारा म्हणावं.

पहिल्या आल्या त्या गावातल्या म्हाताऱ्या खाला. त्यांचे मालक पिंजारी होते, गाद्या भरायचे. ते गेल्यावर खाला गोधड्या शिवायच्या. सगळ्या गावातली पोरं त्यांच्या गोधडीत वाढली. मी त्यांना बायकोची जुनी लुगडी दिली होती, बाळाला दुपटी शिवा म्हणून. ती लुगडी तशीच गुंडाळून त्या परत घेऊन आल्या.

"भाऊ, पोर हातात आल्याबिगर मी सुई लावत नाय. आल्यावर एका दिसात शिवून देते." एवढं बोलून त्यांची नजर ओट्यावर गेली. "ही कुनाची बाज?"

"लेकीची."

खाला थबकल्या. "या अल्ला. अरे पोर अजून पोटात हाय, आन तू बाज इणून ठिवलीस? मोकळी?"

"मग कवा इणू? कळा सुरू झाल्यावर?"

"तवाच इणत्यात! रिकामी बाज अशी वाट बघत ठिवू नाय रे."

माझं डोकं फिरलं. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी हाफ चड्डीतला होतो. घरातले देव टोपलीत भरून त्यांनी कुकडीच्या पाण्यात सोडले ते मी काठावर उभं राहून बघितलं. त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्याच्या आत शकुन-अपशकुन आलेला नाही. मी खालांना म्हटलं, "खाला, तुमी मोठ्या हाव म्हणून गप बसतो. आमच्या घरात हे चालत नाय."

"चालत नाय तर नाय," खाला म्हणाल्या. "मी आपली दुपट्याचं बोलले." लुगडी ठेवून त्या गेल्या.

मागं वळलो तर लेक दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती भांडली नाही. पण त्या दिवसापासून ती ओट्यावर येईना. गोठ्यात जायचं तर मागल्या दारानं, दगडधोंड्यांतून, पोट सांभाळत वळसा घालून जायची, बाज दिसू नये म्हणून. मी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "पुढनं जा की. पडलीस म्हंजी?"

"जाते मागनंच."

"शिकलीसवरलेली तू. दहावी पास. आणि दोरीला भेतीस?"

ती म्हणाली, "आबा, मला कळतंय ते. पण पोटात भ्या वाटतं त्याला मी काय करू?" आणि जरा थांबून, "आई असती तर..." एवढंच. वाक्य तिनं तसंच सोडलं, आणि मीही ते उचललं नाही. मी बाज काही हलवली नाही. मला वाटायचं, आज ही दोरी सोडली तर उद्या घरात टोपलीभर देव परत येतील.

मग तो दिवस आला. दुपार कलली होती. मी गोठ्याच्या मागं कडबा काढत होतो. आतून लेकीचा आवाज आला. ती परत मोठ्यानं बोलत होती, म्हणजे मी जवळ असेन हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

"सकाळपासनं हललं नाय गं. एकदाबी नाय."

कडब्याची पेंढी माझ्या हातात तशीच. आत जाऊन काय विचारणार होतो? पोटातलं हलणं माझ्या हाताला कळलं नसतंच, आणि बापानं हात लावायचा कसा? माझ्याच लेकीला भीती वाटतेय, माझ्याच गोठ्यात, आणि ती म्हशीला सांगतेय, कारण सांगायला दुसरं कुणी नाही. मी तिथनं जो पळत सुटलो तो कालव्याच्या कडेकडेनं थेट खालांच्या दारात. धाप लागली होती. नुसतं "चला" म्हटलं.

खाला मागची गोष्ट काढत बसल्या नाहीत. चपला घातल्या आणि निघाल्या. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "तिनं तुला सांगितलं?" मी म्हटलं, "नाय. म्हशीला सांगितलं." खालांनी माझ्याकडं बघितलं आणि पाय उचलले.

त्या आत गेल्या, दार लोटून घेतलं. मी ओट्यावर. एका बाजूला मी, एका बाजूला बाज. आतून खालांचा आवाज यायचा, "कुशीवर हो. डाव्या. गुळाचं पानी पी आधी. निजून राहा, बोलू नगं." मग काहीच नाही. मला त्या बंद दाराला कान लावावासा वाटत होता आणि लाजही वाटत होती. मी बाजेच्या खुरावरची धूळ पुसत बसलो. सारखा तोच खूर.

किती वेळ गेला माहीत नाही. आतून खाला ओरडल्या, "मारली बग लाथ! अगं, माझ्याच हातावर मारली!" आणि लेक रडायला लागली. मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी.

दार उघडून खाला बाहेर आल्या. "झोपलं होतं बाळ. तरी उद्या नारायणगावला डाक्टरनीला दाखवून आण. आन भाऊ, मी आता जाते. अंधार पडला की मला दिसत नाय, आन उसात बिबट्या हाय. रातीला हिच्याजवळ राहून माझा उपेग नाय. कुणीतरी बाई बग."

त्या गेल्या. सूर्य उसाच्या मागं होता. मी कोयता आणला, पायगतीची गाठ कापली आणि बाज सोडायला बसलो. विणायला लई दिवस लागले होते, सुटली मात्र लगेच. दोरीचं वेटोळं केलं, खुंटीला अडकवलं. लेक दारात येऊन उभी राहिली.

"का सोडली?"

"ढिली पडली व्हती," मी म्हणालो.

मी शकुन मानत नाही. तेव्हाही मानला नाही. बाज सोडली ती लेकीसाठी, शकुनासाठी नाही. या दोहोंत फरक आहे, आणि तो मी आजही कुणाला समजावून सांगायला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी नारायणगावला डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं नीट आहे म्हणाल्या, आता केव्हाही होईल म्हणाल्या. लेकीला तिथंच बाकावर बसवून मी स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो. विहीणबाईंच्या शेजारच्या दुकानाचा पीपी नंबर खिशात होता, जावयांनी लिहून दिलेला. दुकानदार म्हणाला, बोलावून आणतो, दहा मिनिटांनी लावा. ती दहा मिनिटं मी बूथच्या काचेत स्वतःचं तोंड बघत काय बोलायचं ते ठरवत होतो. बूथवाला पोऱ्या मान वर करून ऐकायला बसला होता. मी त्याच्याकडं पाठ केली.

"हां, बोला पावणं," विहीणबाईंचा आवाज आला. "सगळं बरंय ना?"

"बरंय. पोरगी तुमची लई आठवण काढती."

त्या म्हणाल्या, "पोरगी काढती का तुमी?"

फोनमध्ये नुसती खरखर. बूथवाल्या पोऱ्यानं विचारलं, "काका, लाईन गेली का?" मी हातानं त्याला गप्प बस म्हटलं.

"उंद्याच्या पयल्या गाडीनं येते," विहीणबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आल्या. पिशवीत डिंक, खारीक, बाळंतशेपा. ओट्यावर खुंटीला दोरीचं वेटोळं आणि भिंतीला टेकवलेला बाजेचा रिकामा सांगाडा बघितला, काही विचारलं नाही. आत जाऊन चुलीकडं बघितलं. "लई टापटीप ठिवलीय चूल, पावणं. हिच्यावर सैपाक करता का नुसती पूजा?" लेक हसली. एस्टीत हसली होती त्यानंतर पहिल्यांदा.

विहीण म्हणजे मान घ्यायचं माणूस. तिला पाट द्यायचा, ताट द्यायचं. आणि त्या माझ्या चुलीतली राख काढत होत्या. मी म्हटलं, "राहू द्या, मी काढतो." त्या म्हणाल्या, "तुमी आता भायेर बसा. लई केलं तुमी." त्या चांगल्याच मनानं म्हणाल्या. पण मी बाहेर बसलो तो बसलोच. रीत म्हणून अंथरूणही गोठ्यात नेलं. आतून दोघींचं बोलणं यायचं, शब्द नाही, नुसता आवाज. पायांत गोळे येतात ते आता विहीणबाईंना कळत होतं, आणखी काय काय कळत असेल. लेक आता गोठ्यात यायची नाही. तिला गरज उरली नव्हती. म्हैस दाराकडं बघायची. मीही बघायचो.

मला पाहिजे ते झालं होतं. लेक माझ्या घरात होती, तिच्याजवळ बाई होती. आणि घर मला परकं झालं होतं.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी, मी धार काढत असताना. विहीणबाई दारातून ओरडल्या, "जीप बोलवा!" जीप वाटेत खालांना घेऊन आली, लेकीला मागं निजवलं, विहीणबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, खाला पायाशी. मी पुढं चढायला गेलो तर विहीणबाई म्हणाल्या, "तुमी कुठं येताय? तिथं तुमाला दाराच्या आत घेनार न्हाईत. बाज कोन इणायची मग?"

"आत्ता?"

"मग कवा? आता सुरू झालंय की. इणा आता, बिनघोर."

लेकीनं मान उचलली. तोंडावर घाम, ओठ चावलेला. "आबा," म्हणाली, "पायगतीकडनं घट्ट करा." जीप गेली.

मी बाज ओट्यावर मांडली. दोरी घेतली. एक टोक खुराला बांधलं आणि सुरू केलं. अंगठ्याची जखम नुकती भरली होती, ती परत सोलली. रस्त्यावर गाडी वाजली की हात थांबायचे. ट्रॅक्टर असायचा. परत सुरू. समोर "ओढा, सोडा" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हणायला लागलो. ओढा. आता सोडा. मोठ्यानं. आजूबाजूला ऊस सोडून ऐकायला होतं कोण? दुपार झाली. भाकरी कालची होती, खाल्ली नाही. वीण निम्म्यावर आली. मला तिच्या आईची रात्र आठवली, ही लेक झाली ती. तेव्हा मी असाच बाहेर होतो, पण आत माझी आई होती, दोन चुलत्या होत्या, आणि मला वाटायचं हे बाहेर थांबणं म्हणजे बापाचा रुबाब असतो.

पायगतीची दोरी मी दोन्ही पायांनी दाबून, दातांत टोक धरून ओढली. घट्ट आली. मग ताण बघायला कुणीतरी वर निजावं लागतं. कुणी नव्हतं म्हणून मीच निजलो. वर पडवीचं पत्र्याचं छप्पर, टांगलेल्या बाजेचे दोन रिकामे आकडे. मी कान रस्त्याला लावून तसाच पडून राहिलो.

दूध डेअरीवरचा माणूस लूनावरून आला. तो गाडीवरूनच ओरडला, "अवो, उठा! नारायणगाववरनं डेअरीत फोन आला व्हता. मोकळी झाली पोरगी! मुलगी हाय. दोघी चांगल्या हायेत." पेढे घेतल्याशिवाय आता तुमचं दूध उतरवून घेणार नाही असंही म्हणाला, आणि लूना वळवून गेला. त्याला पुढच्या वस्त्या होत्या.

मी उभा राहिलो. घरात गेलो, चूल बघितली, बाहेर आलो. खाला ठेवून गेल्या होत्या ती लुगडी उचलली, ती त्यांच्याकडं पोचवायची होती, आता सुई लावतील म्हणून. पण खाला जीपमध्ये होत्या, नारायणगावला. कुणाला सांगावं कळेना. उन्हं उतरली होती, धारेची वेळ झाली होती. चरवी घेऊन गोठ्यात गेलो आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, लेक ठेवायची तिथंच.

"मुलगी झाली," मी तिला म्हणालो. "दोघी चांगल्या हायेत."